तळ्यावरचा नमस्कार

शरद, मालू,

आशीर्वाद पत्राच्या वजनात धरत नाहीत, म्हणून ते हवे तेवढे पाठवते. शरदने तिकडे नैरोबीत फटफटी घेतल्याचं तुमच्या बाबांनी कळवलं. तुमच्याकडे रस्त्यात सिंह आडवे येतात असं ऐकते. त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. सिंह भोंगा वाजवत नाही, आणि 'आधी मी आलो' असंही म्हणत नाही. आमच्या सोलापुरात रस्त्यात माणसं आडवी येतात, आणि माझी मांडी मोडली ती तशा दोन माणसांच्या मधे सापडून.

स्वतःचं दुखणं सांगत बसू नये, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, असं माझी आई म्हणे. पण मी खाटेवर पडून होते तेव्हा या वाटेने जाऊन आलेलं आणि खरं बोलणारं कुणीतरी जवळ असावं असं मला फार वाटे. तसं कुणी भेटलं नाही. म्हणून हे शरदसाठी, आणि पुढेमागे ज्याचा पाय दोरीला टांगला जाईल त्याच्यासाठीही.

फाटकापाशी

तुमचा मधूकाका सरकारी रस्त्यांवर ओव्हरसीअर आहे हे तुम्हाला माहीत आहे. खडी, मुरूम आणि मोऱ्या पाहायला गावोगाव जावं लागतं म्हणून त्याने विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून जुनी फटफटी घेतली. तिला डाव्या बाजूला एक डबा जोडलेला, त्यात एक माणूस पाय लांब करून बसतं. साहेबाचं कुत्रं त्यात बसायचं, आता मी बसू लागले. आळीतली पोरं 'आजीचा पाळणा आला' म्हणून मागे धावत. मला त्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर मला त्या डब्यात बसायला फार आवडे. साठीला आलेल्या बाईच्या तोंडावर वारा लागायचे प्रसंग तसे थोडेच.

त्या दिवशी होटगीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं आटोपून आम्ही दोघं परत येत होतो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. आमच्या आधी तिथे दोन बैलगाड्या होत्या, आणि आमच्या मागून एक नवी कोरी काळी मोटार येऊन थांबली. मोटार चालवणारे गृहस्थ चाळिशीच्या आतले, डोक्याला जरीची टोपी. शेजारी आणि मागच्या बैठकीवर लुगड्यांचे गठ्ठे. हे नरसय्या. त्यांचे हातमाग आहेत, घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. मोटार घेऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते, हे ती ज्या प्रकारे थांबली त्यावरून मला कळलं.

त्यांनी भोंगा वाजवला. फाटक काही उघडलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला.

"ओ मास्तर, ती फटफटी जरा बाजूला घ्या की! माझी मोटार तापायलीय हितं."

मधू मागे वळला. "तापली असेल तर पाणी पाजा तिला. मी आधी आलोय."

"आधी आला म्हणून रस्ता काय तुमचा झाला व्हय?"

"माझाच आहे. मी तो बांधतो."

"तुमीच बांधता? मग तरीच!" नरसय्या म्हणाले. "होटगीपासून माझं हाडन्‌हाड वाजायलंय. म्हटलं कोण हा कारागीर!"

बैलगाडीवाले हसले. मलाही हसू आलं, पण मधूच्या मानेवरची शीर दिसली आणि मी ते गिळलं. माणसाला शिवी दिलेली चालते, त्याच्या कामाला हसलेलं चालत नाही.

फाटक उघडलं. आधी मोटार पुढे गेली आणि तिची सगळी धूळ आमच्या तोंडात आली. मग मधूने तिला गाठून आमची धूळ त्यांच्या तोंडात दिली. पुढे नरसय्यांनी पुन्हा आमच्यावर मात केली. प्रत्येक वेळी दोघेही एकमेकांकडे बघून काहीतरी ओरडत, आणि ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू जात नसे. मधू मूठ उगारून दाखवत होता.

"मधू, पुढे बघ," मी ओरडले.

"आई, त्या माणसाला गाडी चालवायची अक्कल नाही!"

"म्हणूनच म्हणते, पुढे बघ."

तिघांनी एकाच वेळी

आता शरद, नीट वाच.

आपल्या गावात तळ्यावरून जाताना सिद्धेश्वराच्या देवळाचा कळस दिसला की हात जोडायचे, ही रीत तुमच्या पणजोबांच्याही आधीची. पायी जाणारा जोडतो, टांग्यातला जोडतो, टांगेवालाही लगाम मांडीखाली दाबून जोडतो. ते चालतं. घोड्याला वाट ठाऊक असते, आणि समोर दुसरा घोडा आला तर दोन्ही घोडी आपापलं बघून घेतात. मोटारीला वाट ठाऊक नसते. आपल्या लोकांनी यंत्र आणलं, पण हात अजून टांग्यातलेच राहिले.

तळ्याशी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. मधूने मोटारीला उजवीकडून मागे टाकायचं ठरवलं होतं. फटफटी मोटारीच्या बरोबरीला आली, आणि माझा डबा दोघांच्या मधे. नरसय्यांचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. ते रागाने लाल झाले होते, काहीतरी बोलतही होते. इतक्यात घंटा वाजली आणि कळस दिसला.

नरसय्यांनी बोलता बोलता तोंड मिटलं, टोपी सारखी केली आणि दोन्ही हात जोडले. मधूने उजवा हात मुठीवरून काढून कपाळाला लावला. आणि मी डोळे मिटून हात जोडले.

तिघांनी एकाच वेळी देवाकडे पाहिलं, आणि रस्त्याकडे कुणीच पाहिलं नाही.

मोटार उजवीकडे सरकली. डब्याचं चाक मोडल्याचा आवाज मला आठवतो, कारण तो फार मोठा नव्हता. उसाचं कांडं मोडावं तसा. नंतर मला कळलं की त्या एका आवाजात दोन आवाज होते.

मी रस्त्यावर आडवी होते आणि डबा माझ्या मांडीवर. दुखत नव्हतं. वर आभाळ छान लाल होतं. आणि माझ्या डोक्यावर दोघांचं भांडण चाललेलं.

"आंधळा आहेस का? हात कशाला सोडलेस?"

"देवाला सोडले! तू कशाला सोडलास?"

"मी एकच सोडला होता!"

"मधू," मी म्हटलं, "मी इथे आहे."

मग मधू खाली बसला आणि त्याला काही सुचेना. नुसता 'आई, आई' म्हणत राहिला. नरसय्यांनी मात्र डबा एका झटक्यात उचलून बाजूला टाकला, मोटारीतून लुगड्यांचा गठ्ठा ओढला आणि सोडला. ती नवी कोरी लुगडी होती, अजून घडीसुद्धा न मोडलेली. त्यांची झोळी करून त्या दोघांनी मला उचललं तेव्हा पाय पहिल्यांदा दुखला. तो कसा दुखला हे मी लिहिणार नाही. ज्याला दुखलं असेल त्याला सांगायला नको, आणि ज्याला नसेल त्याला सांगून उपयोग नाही.

मालकीण कोण

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मोठे डॉक्टर आले. पाय तपासून झाल्यावर ते मधूला खाटेपासून दोन पावलं बाजूला घेऊन गेले आणि इंग्रजीत बोलू लागले. नऊवारी नेसलेली म्हातारी, तिला काय कळणार, असं त्यांना वाटलं असावं.

ते म्हणाले, मांडीचं हाड मोडलं आहे. या वयात ते सांधेल की नाही सांगता येत नाही. फार दिवस पडून राहावं लागेल आणि त्यात छातीत कफ धरला तर इलाज नाही. सगळं सुरळीत झालं तरी कशाचा ना कशाचा आधार घेऊनच उभं राहता येईल. दोन पायांवर मोकळं उभं राहण्याची आशा घरच्यांनी ठेवू नये.

मी शाळेत मुलींना इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या क्षणी वाटलं, आपल्याला हे येत नसतं तर किती बरं झालं असतं. मधू मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

मी इंग्रजीतच म्हटलं, "डॉक्टर, पाय माझा आहे. जे सांगायचं ते पायाच्या मालकिणीला सांगा."

डॉक्टर वळले. माणूस मोठा, पण मनाने त्याहून मोठा. ते तसेच परत आले, स्टूल ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. विचारा, काय विचारायचंय ते." मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, काही न लपवता आणि काही न वाढवता. त्या दिवसापासून ते जे बोलत ते माझ्याशीच बोलत. आजाऱ्याला खरं सांगणारा माणूस मिळणं हे अर्धं औषध आहे, हे मी तेव्हा शिकले.

ते गेल्यावर मात्र मी भिंतीकडे तोंड करून रडले. मरणाचं मला फार वाटलं नाही. पण आयुष्यभर कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं, तुळशीला पाणी घालताना एका हाताने भिंत धरायची, हे मला सोसवेना. तुम्ही दोघं आफ्रिकेतून याल तेव्हा मी तुम्हाला दोन्ही हातांनी जवळ घेऊ शकणार नाही, हा विचार तर फारच टोचला.

रूथबाईंचा दरबार

पायाला दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी टांगली. ती पिशवी रात्रंदिवस माझा पाय ओढत असे. हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही.

बायकांच्या त्या खोलीवर रूथबाई नावाच्या नर्सचं राज्य होतं. नगरकडच्या, आवाज खणखणीत. पहाटे तोंड धुवायला पाणी, मग चहा, मग पाठीला स्पिरिट आणि पावडर, मग डॉक्टरांची फेरी. हे घड्याळ बंद पडलं तरी चुकत नसे. मी आयुष्यभर घरात ज्या शिस्तीसाठी बोलणी खाल्ली तीच शिस्त इथे मला कुणीतरी लावत होतं. पहिल्या दिवशी मी दोरी थोडी सारखी करायला हात घातला.

"आजी, हात काढा."

"माझाच पाय आहे, बाई."

"होता. बरा होईस्तोवर तो माझा आहे. बरा झाला की परत देईन, तेव्हा सांभाळा."

पाठीला जखम होऊ नये म्हणून त्या दिवसातून कितीदा तरी मला उचलून पुसत. कधी कंटाळल्याचं दिसलं नाही. आणि त्यांना माणूस वाचता येई. मी छताकडे बघून कंटाळले आहे हे त्यांनी मला न विचारता ओळखलं आणि खिडकीच्या गजाला एक लहान आरसा असा तिरपा बांधून दिला की पडल्यापडल्या मला रस्ता दिसावा. आरशात सगळं उलटं दिसतं. सोलापूरचे टांगे, सायकली आणि मोटारी मला उजव्या बाजूने चालताना दिसत. मी ते तासन्‌तास बघे. कितीतरी चांगली माणसं भोंगा हातात आला की वाईट होतात, आणि उतरल्यावर पुन्हा चांगली होतात, हे त्या आरशाने मला दाखवलं.

एके दिवशी हवालदार आला.

"आजी, तुमी काय बघितलं ते सांगा. कोन कुनाच्या अंगावर आलं?"

"मी देवळाचा कळस बघितला."

त्याने कपाळ चोळलं. "त्यो साक्षीला येत न्हाय, आजी."

शेजारच्या खाटेवरची मैंदर्गीची बाई इतकी हसली की तिच्या पोटाचे टाके दुखले आणि रूथबाईंनी हवालदाराला बाहेर काढलं.

दारातून

नरसय्या रोज येत. बायकांच्या खोलीत कसं शिरायचं म्हणून दारातच उभे राहत आणि तिथून मोठ्याने विचारत, "अम्मा, पाय कसा हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत मैंदर्गीची बाई ओरडे, "हाय तितंच हाय, शेटजी! पळून न्हाय गेला!"

सगळी खोली हसे. ते लाजत, दारात काहीतरी ठेवत आणि जात. कधी कलिंगड, कधी घरचं दही. ऊन वाढल्यावर त्यांनी खिडक्यांना जाड कापड लावून दिलं आणि ते दुपारभर ओलं ठेवायला माणूस नेमला. त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीतल्या बायका बाहेरच्या लोकांपेक्षा सुखात होत्या.

मधूच तेवढा येत नसे. म्हणजे यायचा, पण उशापाशी उभा राहायचा, भिंतीकडे बघायचा आणि वकिलाकडे जायचं आहे म्हणून निघून जायचा. पायाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. घरीही तो जेवताना फक्त नरसय्यांवरच्या फिर्यादीचं बोले, असं तुमच्या इंदूकाकूने मला सांगितलं.

इंदूबद्दल मला थोडं लिहायचं आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी हळू बोलायची की मला वाटे, हिच्या घशाला काहीतरी झालंय. या दुखण्यात मला कळलं की तिच्या आवाजाला काही झालेलं नव्हतं. ती तो जपून वापरत होती. घर, दोन मुलं आणि माझा जेवणाचा डबा सांभाळून ती रोज संध्याकाळी येई, माझी वेणी घाली, आणि मी चिडचिड केली तर ऐकून घेई. एकदा मधू पुन्हा वकिलाकडे निघाला तेव्हा ती वेणी घालता घालता, फणी न थांबवता म्हणाली,

"अहो, तुम्ही जिंकलात तर काय मिळेल?"

"न्याय मिळेल."

"तो सासूबाईंच्या मांडीला लावता येईल का? नसेल तर इथेच बसा. पाठ पुसताना मला एकटीला यांना उचलून धरता येत नाही."

मधू त्या दिवशी बसला.

खाट

आणि त्याच दिवशी नरसय्या नेहमीपेक्षा लवकर आले. दारात दोघांची गाठ पडली.

"आता इथेही?" मधू म्हणाला.

"मी अम्माला बघायला आलोय. तुमाला न्हाय."

"आईला या अवस्थेत आणलं कुणी?"

"मी एकट्यानं? तुमची फटफटी घरात झोपली हुती काय?"

"मी आधीपासून माझ्या बाजूला होतो…"

"कुटं? मी आधी…"

"इथे आधी मी!" रूथबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. "दोघांच्याही अंगात फार जोर दिसतो. बरं झालं. मला दोन माणसं हवीच होती. या आत."

त्यांनी पडदे ओढले आणि माझ्या खाटेची दोन टोकं दाखवली. संध्याकाळी व्हरांड्यात गार वारा सुटतो. तिथे मला नेलं तर झोप लागेल, अन्न जाईल, असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण ती लोखंडी खाट, आणि पायाला टांगलेली पिशवी! एक धक्का बसला की सांधत आलेलं हाड पुन्हा हलायचं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "दोघांनी एकदम उचलायचं. एकदम चालायचं. जो पुढे घाई करील तो या बाईंचा पाय मोडेल, जो मागे राहील तोही मोडेल. एकमेकांच्या पायांकडे बघा. तोंडं बंद."

मधूच्या वाट्याला पायथा आला. आता त्याला पायाकडे बघण्यावाचून गत नव्हती. पिशवी हलू नये म्हणून रूथबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली, इंदू कडेला. मी मधे. पुन्हा त्याच दोन माणसांच्या मधे, हे माझ्या मनात आलं आणि मी खाटेची कड घट्ट धरली. एखाद्याला भीती कशी असते हे विचारायचं असेल तर त्याने मला व्हरांड्याच्या त्या उंबऱ्याबद्दल विचारावं.

"उचला."

खाट उठली. नरसय्या मागे मागे चालत होते, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. पाच-सात पावलं झाली. मग मधूचा आवाज आला, अगदी हळू.

"उंबरा आलाय. उजवा पाय आधी टाका."

"टाकला."

"आता डावा. थांबा… हं."

"तुमी दमला काय?"

"नाही. तुम्ही?"

"थोडं. चला."

पिशवी हलली नाही. मला व्हरांड्यात ठेवलं तेव्हा दोघांचे सदरे भिजले होते. मधू पायथ्याशी तसाच उभा राहिला आणि त्याने माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. मग तो बाहेर गेला. नरसय्या त्याच्या मागे गेले. काय बोलले मला माहीत नाही. आरशात दिसायला मी आता खोलीत नव्हते.

त्यानंतर रोज संध्याकाळी मला उचलायला ते दोघे येत. एक आला की दुसऱ्याची वाट बघत बसे, कारण एकट्याने काही करता येत नसे. वकिलाचं नाव आपोआप निघेनासं झालं. मी पुष्कळ शूर माणसांच्या गोष्टी मुलींना शिकवल्या आहेत. पण रागावलेल्या माणसाने राग तसाच हातात धरून दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं, याला काय लागतं ते मी त्या खाटेवरून पाहिलं. दोघांनाही मी तेव्हापासून मानते.

सोडणं

हाड सांधलं. डॉक्टरांनी स्वतः पिशवी सोडली आणि मला म्हणाले, "आता मालकिणीने ताबा घ्यावा." पाय काडीसारखा बारीक झालेला, बोटभर आखूडही. मी रूथबाईंच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले तेव्हा सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मैंदर्गीची बाई तोवर घरी गेली होती याचं वाईट वाटलं.

कुबड्या आल्या, मग काठी आली. काठीने मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊ लागले. पण काठी सोडता येईना. रूथबाई समोर हात पसरून उभ्या राहत आणि म्हणत, "सोडा." मी बोटं सैल करी, पाय थरथरू लागे, डोळ्यांसमोर ते लाल आभाळ येई आणि मी पुन्हा काठी घट्ट धरी.

"हाडाने तुम्हाला धरलंय, आजी," त्या एकदा म्हणाल्या. "तुम्हीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आधाराशिवाय नाही म्हणून."

"डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. प्रयत्न करू नका असं नाही."

तरी जमलं नाही. काठी हातात घेऊनच मी रूथबाईंचा निरोप घेतला. त्यांना वाकून नमस्कार करायचा होता, तोही एका हाताने अर्धाच झाला. त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, "उरलेला अर्धा नंतर पाठवा."

परत तळ्यावर

घरी न्यायला टांगा चालणार नव्हता, धक्के बसले असते. नरसय्यांनी मोटार आणली. मधू म्हणाला, "आई, तुला भीती वाटत असेल तर…" मी म्हटलं, "वाटते. चला."

इंदू माझ्याशेजारी बसली. मधू फटफटीवर पुढे, बाजूचा डबा काढून टाकलेला. तो इतका सावकाश चालला होता की सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. नरसय्यांनी चाक असं धरलं होतं की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. बाजार मागे पडला. तळ्याचा गार वारा आला. मी इंदूचा हात धरला.

कळस दिसला. नरसय्यांनी हात सोडले नाहीत. त्यांनी मोटार रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरले. पुढे मधूही थांबला होता, फटफटी उभी करून मागे चालत येत होता. दोघांनी हे आधी ठरवलं होतं, की न ठरवता केलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

"अम्मा, तुमी बसा आत," नरसय्या म्हणाले. "हितनंच जोडा."

मी म्हटलं, "दार उघडा."

इंदूने मला उतरवलं. मी काठीवर उभी राहिले. समोर पाणी, पाण्यात देऊळ, दिवे लागत होते. एका हाताने नमस्कार होत नाही. मी काठी मधूकडे दिली. मग इंदूचा दंड सोडला. पाय थरथरला. मी हात जोडले आणि डोळे मिटले.

मागून टांग्याची घंटी आणि टांगेवाल्याचा आवाज आला. "ओ, रस्त्यात काय देव्हारा मांडलाय? मला जायचं हाय की फुडं!"

आणि मधू आणि नरसय्या एकाच वेळी म्हणाले, "जा बाबा, तू जा आधी."

मला हसू आलं. मी डोळे उघडले. टांगा आमच्या कडेने निघून गेला. काठी मधूच्या हातात होती, इंदू मोटारीपाशी उभी होती, आणि माझे दोन्ही हात अजून जोडलेलेच होते.

शरद, तुमच्याकडे वाटेत आपलं देऊळ नसेल. पण हात जोडावेसे वाटतील असं काहीतरी वाटेत येतंच, डोंगर येईल, नदी येईल, एखाद्या दिवशी सिंहही येईल. तेव्हा आधी गाडी कडेला घे. ती थांबव. खाली उतर. मग दोन्ही हात जोड.